माणूस गेल्यावर त्याची जीवननोंद कशी तयार करावी : सातारा-सांगलीकडच्या घरांसाठी

घरातला माणूस गेला की पहिल्या तेरा दिवसांत त्या घरात जेवढी माहिती चालत येते तेवढी पुढे कधीच येत नाही. सावडायला माहेरची माणसं येतात. दहाव्याला मुंबईच्या गिरणीतले सोबती येतात, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी पार तमिळनाडूत गेलेले खानापूर-विट्याकडचे पाहुणे येतात. आत्या, थोरल्या जावा, बालपणीच्या शेजारणी येऊन ओसरीवर बसतात. त्यांच्या डोक्यात जे आहे ते कुठल्याच कागदावर नाही. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी माणसं, मग फोटो, शेवटी कागद. बहुतेक घरांत उलटं होतं. मृत्यूचा दाखला, बँक, वारस नोंद यांत सहा महिने जातात आणि जिला सगळं ठाऊक होतं ती ऐंशीच्या पुढची जाऊही तोवर अंथरुणाला खिळते. तहसीलच्या अभिलेख कक्षातला कागद बहुधा दहा वर्षांनीही मिळतो. माणूस मिळेलच असं नाही.

तेराव्याच्या आत

एक दोनशेपानी वही घ्या आणि एकाच माणसाकडे सोपवा. क्रियेला बसलेल्यावर हे काम टाकू नका. नात, भाचा, धाकटी सून, ज्याचं अक्षर सुवाच्य आणि मन थोडं मोकळं असेल तो योग्य. भेटायला येणाऱ्यांची नोंद पाच रकान्यांत करा: नाव, गाव, नातं, फोन नंबर आणि ओळख कुठली. पाचवा रकाना सर्वांत मोलाचा. 'पाहुणे' असं लिहून उपयोग नाही. 'बोरगावच्या शाळेत तिसरीत सोबत', 'कारखान्यात एकाच पाळीला', 'बाळंतपणाला हीच होती' असं लिहा. पुढे कुणाकडे कशासाठी जायचं ते या रकान्यावरून ठरतं.

पहिले तीन दिवस कुणाला प्रश्न विचारू नका, फक्त ऐका आणि टिपा. लोक आपण होऊन बोलतात. दहाव्यानंतर घरातल्या थोरल्यांना सांगून परवानगी घ्या. आबांची किंवा आक्कांची नोंद करतोय हे सगळ्यांना माहीत असावं. चोरून केलेलं ध्वनिमुद्रण पुढे भावकीत वाद लावतं.

दुसरं काम म्हणजे खोली आवरण्याआधी खोलीचे फोटो काढणं. दारातून एक, चारही कोपऱ्यांतून चार, कपाट उघडून एक, ट्रंक उघडून एक. कपडे आणि अंथरूण देऊन टाकण्याची घाई असते आणि त्यासोबत कागदही जातात. सदऱ्यांचे खिसे, पोथीची पानं, गादीखालचा भाग, देव्हाऱ्याचा खण, धान्याच्या कोठीवरचा डबा, कॅलेंडरची मागची बाजू हे सगळं पाहून मगच आवरा. दिनदर्शिकेवर लिहिलेल्या दुधाच्या, उसाच्या वजनाच्या, म्हैस व्यायल्याच्या नोंदींवरून माणसाचं वर्ष कळतं. त्या टाकू नका.

मोबाइल रीसेट करून नातवाला देऊ नका. आधी त्यातले फोटो आणि व्हॉट्सॲपवरचे आवाजी संदेश काढून घ्या. कित्येक घरांत गेलेल्या माणसाचा आवाज तेवढाच उरलेला असतो. सिमचं रिचार्ज चालू ठेवा. बंद केलं तर काही महिन्यांत नंबर जातो, आणि बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येत असतात.

बोलतं कसं करायचं

पाचव्या रकान्यावरून आठ-दहा जण निवडा आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत त्यांच्याकडे जाऊन बसा. वयाने थोरले आणि तब्येतीने नाजूक त्यांच्याकडे आधी जा. नुसतीच सख्खी माणसं निवडू नका. सोबत काम केलेला एक, शेजारचा एक, माहेरचा किंवा आजोळचा एक आणि शक्य असेल तर ज्याच्याशी फारसं जमत नव्हतं असा एक, एवढे हवेतच.

मोबाइल पुरतो, मात्र पंखा बंद करा. आवाज बिघडण्याचं हे पहिलं कारण, दुसरं म्हणजे पत्र्यावरचा पाऊस. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर मध्येच येणाऱ्या फोनने मुद्रण तुटतं. फोन घडी घातलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. उघड्या पाटावर किंवा स्टीलच्या टेबलावर ठेवला की कपबशी हलली तरी मोठा आवाज उमटतो. आधी मिनिटभर मुद्रण करून ऐका. मुद्रणाचा दर १२८ केबीपीएस ठेवला तर तासाला साधारण ५८ एमबी जागा लागते. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव आणि नातं सांगा. फाईलचं नाव नंतर बदललं तरी ओळख आतच राहते. एका बैठकीला तासाभरापेक्षा जास्त वेळ घेऊ नका.

'त्यांच्याबद्दल काही सांगा' असं विचारलं की उत्तर ठरलेलं: फार चांगला माणूस, कुणाला दुखावलं नाही. ते खरं असेलही, पण त्यातून माणूस दिसत नाही. दिवस विचारा. पहाटे किती वाजता उठायच्या? पहिलं काम कोणतं? पाणी कुठून आणायच्या, किती खेपा? जेवायला घरात शेवटी कोण बसायचं? पहिली कमाई किती आणि ती कुणाच्या हातात दिली? बाजाराला कोणत्या गावी, चालत की बैलगाडीने? शेतात कोणत्या तुकड्यावर जीव होता? रागावले की काय म्हणायचे, अगदी तोच शब्द सांगा. वस्तू हातात दिली तर आठवण आणखी लवकर निघते: जुना फोटो, विळा, अडकित्ता, गिरणीचा गेटपास. घराचा नकाशा काढायला सांगा, वाटणी होण्याआधीचा. चूल कुठे, जातं कुठे, गोठा कुठे, कोण कुठे निजायचं. ज्यांना लिहिता येत नाही ते खडूने जमिनीवर काढतात, त्याचा फोटो घ्या.

आज्जींची नोंद असेल तर जात्यावरच्या ओव्या विचारल्याशिवाय उठू नका. कोणती ओवी कुणासाठी म्हणायच्या, भावासाठी की विठ्ठलासाठी, तेही विचारा. ओव्या लगेच आठवत नाहीत. दोन-तीन जणी एकत्र बसवा. एकीने पहिली ओळ म्हटली की दुसरीला पुढची सुचते.

बोलणारा रडू लागला तर मुद्रण थांबवा, पाणी द्या, बसून राहा. पुढचा प्रश्न घाईने विचारू नका. बहुतेक वेळा ती व्यक्ती स्वतःच पुन्हा बोलायला लागते.

साल कसं काढायचं

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून हे नीट समजून घ्या.

शाळेच्या दाखल्यावर १ जून अशी जन्मतारीख दिसली तर ती पक्की धरू नका. दाखल करताना गुरुजी वय अंदाजाने ठरवून जूनचीच तारीख टाकत. खरं वय वर्ष-दोन वर्षांनी इकडेतिकडे असतं. आधार आणि पेन्शनच्या कागदांवर बहुधा तीच तारीख पुढे उतरलेली असते. तीन कागदांवर एकच तारीख म्हणजे तीन पुरावे असं समजू नका.

मग घटनांवरून मोजा. आपल्या भागातल्या पक्क्या खुणा अशा: मानमोडीची (इन्फ्लुएंझाची) साथ १९१८, वडूजच्या मोर्चावरचा गोळीबार ९ सप्टेंबर १९४२, त्यानंतरचा पत्री सरकारचा काळ १९४६ पर्यंत, गांधीजींच्या हत्येनंतरची जाळपोळ १९४८, कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७, मोठा दुष्काळ १९७२, मुंबईतला गिरणी संप १८ जानेवारी १९८२ पासून, कृष्णेचे महापूर २००५, २०१९ आणि २०२१.

मोजणी अशी करा. आक्का म्हणतात, 'भूकंपात धाकटा पाळण्यात होता आणि थोरला तिसरीत.' तिसरीतलं पोर आठ वर्षांचं धरलं तर थोरला १९५९ च्या आसपासचा. त्याच्या आधी एक मूल गेलं होतं का, हे हळुवारपणे विचारा. अशी मुलं मोजणीतून सुटतात आणि लग्नाचं साल चुकतं. लग्नानंतर किती वर्षांनी मूल झालं हे कळलं की लग्न, आणि लग्नातल्या वयावरून जन्म. उत्तर 'सुमारे १९४०' असं आलं तर तसंच लिहा, एकच तारीख ठोकू नका. 'भूकंप' म्हणजे कोणता हेही विचारा, कारण कोयनेचे धक्के पुढेही येत राहिले. डिसेंबरातला, पहाटे चारच्या पुढे झालेला, ज्यानंतर लोक थंडीत अंगणात निजले, तो ६७ चा.

महालयाच्या तिथीवरून मृत्यूची तिथी काढतात, पण तिथे तीन फसगती आहेत. सवाष्ण गेलेल्या बाईचं श्राद्ध अविधवा नवमीला घालतात, मग ती कोणत्याही तिथीला गेलेली असो. अपघातात किंवा शस्त्राने गेलेल्याचं चतुर्दशीला. तिथी माहीत नसलेल्यांचं सर्वपित्री अमावास्येला. या तीन दिवसांवरून काहीच सिद्ध होत नाही. बाकीच्या तिथी खऱ्या असण्याची शक्यता बरीच, पण त्यातून फक्त तिथी कळते, महिना नाही. महिना वर्षश्राद्धावरून किंवा 'तेव्हा शेतात काय उभं होतं' या प्रश्नावरून काढा. ज्वारीची काढणी, उसाचं गाळप, भाताची लावण यांवरून पंधरवडा कळतो.

जुन्या कागदावर शके असेल तर ७८ मिळवा. पौषातला १ जानेवारीनंतरचा भाग, माघ आणि फाल्गुन असेल तर ७९. फसली सन, म्हणजे जुनं महसुली साल, असेल तर ५९० मिळवून साधारण इसवी सन येतो, वर्षाचा फरक गृहीत धरा. शके १८४० आणि फसली १३२८ दोन्ही १९१८ च्या आसपासचे, म्हणजे मानमोडीचे.

कागद कुठे सापडतात

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, राहत्या गावात नव्हे. जतचा माणूस मिरजेच्या दवाखान्यात गेला तर नोंद सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत. पाटणचा कराडला गेला तर कराड नगरपालिकेत. लोक ग्रामपंचायतीत हेलपाटे घालतात आणि 'नोंदच नाही' म्हणून सोडून देतात. २१ दिवसांत विनाशुल्क नोंद होते. वर्षापेक्षा जास्त उशीर झाला की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

जन्माचंही तसंच. पहिलटकरीण माहेरी जाते, म्हणून पहिल्या मुलांचा जन्म आजोळी शोधा. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याआधीच्या नोंदींसाठी गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात पाहा. त्यात बऱ्याचदा मुलाचं नावच नसतं. बापाचं नाव, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढंच. जुनी पानं मोडी लिपीत असतात. मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या आणि मूळ पानाचा फोटो सोबत ठेवा, कारण आडनावाच्या वाचनात चुका होतात.

जमीन असलेल्या घरात सर्वांत बोलका कागद म्हणजे फेरफार, गाव नमुना ६, जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात जो आकडा असतो तो फेरफाराचा क्रमांक. तो धरून मागे मागे जा. वारसाच्या फेरफारात अमुक इसम अमुक तारखेला मयत, वारस कोण, त्यांची वयं, नाती असं सगळं मिळतं. तीन-चार फेरफारांतून तीन पिढ्या उभ्या राहतात. मात्र जुन्या फेरफारांत मुलींची नावं वगळलेली आढळतात. फेरफारात नाही म्हणजे लेक नव्हती, असं समजू नका.

जिल्ह्याच्या नावाने फसू नका. १९४९ पर्यंत वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे भाग सातारा जिल्ह्यात होते. मग दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. मिरज, सांगली आणि जत ही संस्थानं होती, आटपाडी औंध संस्थानात होती, फलटण वेगळं संस्थान. १९३५ च्या कागदावर 'जिल्हा सातारा' दिसला म्हणून माणूस हल्लीच्या साताऱ्याचा ठरत नाही.

याशिवाय शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा, गिरणीचा गेटपास आणि फंडाच्या पावत्या, साखर कारखान्याचा सभासद दाखला, सैन्यातलं डिस्चार्ज बुक. ख्रिस्ती घरांसाठी चर्चची बाप्तिस्मा आणि दफन रजिस्टरं, मुस्लिम घरांसाठी निकाहनामा, लिंगायत घरांसाठी मठाकडे चौकशी. दोन्ही महायुद्धांत गेलेल्या सैनिकांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत शोधता येतात. मेसोपोटेमियात पडलेल्या ज्यांची कबर सापडली नाही अशा अनेकांची नावं बसरा स्मारकाच्या यादीत आहेत. साताऱ्यातून त्या युद्धांत गेलेली माणसं पाहता ही यादी तपासायलाच हवी. नावाचं इंग्रजी स्पेलिंग चार-पाच प्रकारे करून पाहा.

हेळवी आणि तीर्थोपाध्ये

सुगी झाली की हेळवी गावात येतो, पूर्वी बैलावर बसून, आता बहुधा मोटारसायकलवर. पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घराण्यांची वंशावळ त्याच्याकडे असते: मूळ गाव, कुलदैवत, शाखा कुठे फुटली. तो आला की धान्य-दक्षिणा देऊन लगेच वाटे लावू नका. बसवा, चहा द्या, पूर्ण पाठ म्हणायला सांगा आणि मुद्रण करा. परवानगीने वहीच्या पानांचे फोटो घ्या आणि त्याचं गाव, फोन नंबर लिहून ठेवा. नव्या जन्मांची आणि लग्नांची नोंदही त्याच्याकडून करून घ्या. आजोबा-पणजोबांच्या पिढीपर्यंत त्याची वंशावळ फेरफाराशी ताडून पाहा. जुळली तर वरच्या पिढ्यांवर जास्त भरवसा ठेवता येतो. लेकी इथेही क्वचितच असतात.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत पूर्वजांची नावं आणि कधी सहीसुद्धा सापडते. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की आपले उपाध्ये कोण ते कळतं. जाताना स्वतःची वंशावळ लिहून न्या.

फोटो

चौकटीतला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका. ओलीने फोटोचा थर काचेला धरलेला असतो, ओढलं की चेहराच काचेवर राहतो. काचेसकट, तिरप्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो घ्या. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो दोऱ्याने, पानाला समांतर सावकाश सोडवा. नाहीच निघाले तर पानासकट स्कॅन करा. पासपोर्ट किंवा पोस्टकार्डाएवढा फोटो ६०० डीपीआयला, मोठा ३०० ला पुरतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

फोटोमागे बॉलपेनने लिहू नका, दाब पुढून उमटतो. जुन्या कागदी फोटोमागे मऊ पेन्सिलने हलकं लिहा. चकचकीत प्लास्टिकच्या कागदावर पेन्सिल चालत नाही, तिथे पाकिटावर लिहा. डावीकडून उजवीकडे, मागची ओळ आधी, प्रत्येकाचं नाव आणि नातं. 'मी', 'आई' असं लिहू नका. तीस वर्षांनी ही आई कुणाची ते कळणार नाही.

पुरात भिजलेले फोटो एकमेकांवर तसेच वाळू देऊ नका, कायमचे चिकटतात. स्वच्छ थंड पाण्याच्या परातीत सुटे करा, चिखल हाताने न चोळता वाहू द्या आणि चेहरा वर ठेवून सावलीत कोऱ्या कागदावर वाळवा. वर्तमानपत्राची शाई लागते. दोन दिवसांत सगळे होणार नसतील तर उरलेले प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. इंकजेटवर छापलेल्या फोटोंची शाई मात्र पाण्यात सुटते. ते पाण्यात न घालता वेगळे वाळवा.

लिहिणं

आधी दोन पानी नोंद करा, जाड पुस्तकाच्या नादी लागू नका. दोन पानं पूर्ण होतात, पुस्तकं अर्धी राहतात. पहिल्या पानावर पूर्ण नाव, पाळण्यातलं नाव, हाकेचं नाव, बायकांचं माहेरचं नाव आणि गाव, आई-वडील, भावंडं क्रमाने (लहानपणी गेलेली धरून), जन्म, शाळा, लग्न, मुलं, कामधंदा, मृत्यू आणि त्याचं कारण. दुसऱ्या पानावर एक दिवस आणि एक वर्ष: तो माणूस चाळिशीत असताना पहाटेपासून रात्रीपर्यंत काय करायचा, आणि पेरणीपासून जत्रेपर्यंत वर्ष कसं जायचं.

प्रत्येक माहितीपुढे तीनपैकी एक खूण करा: पक्कं, ऐकीव, अंदाज. पक्कं म्हणजे कागद पाहिला आहे. कोणता तेही लिहा. ऐकीव म्हणजे कुणी आणि कधी सांगितलं. दोन माणसांनी दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहा, मधली एक तयार करू नका.

बायकांच्या नोंदी नेहमी तोकड्या होतात. कागदांत त्या 'अमुकची पत्नी' म्हणून येतात आणि घरातले पुरुष त्यांच्याबद्दल सांगताना नवऱ्याचीच गोष्ट सांगतात. म्हणून त्यांच्यासाठी दुप्पट वेळ ठेवा आणि माहेरी जाऊन या. लग्नाआधीची पंधरा-वीस वर्षं फक्त तिथे मिळतात.

दुसरं लग्न, कर्ज, दारू, आत्महत्या, भावकीचा खटला अशा गोष्टी असतातच. खोटं लिहू नका. ज्यांना त्या लागतात ती माणसं जिवंत असतील तर विचारा. नको म्हणाली तर छापील प्रतीतून वगळा आणि घरच्या प्रतीत वेगळ्या पाकिटात ठेवा, कधी उघडायचं ते वर लिहून. जिवंत माणसांच्या जन्मतारखा, आधार आणि खाते क्रमांक छापील प्रतीत येऊ देऊ नका.

समाधीवर किंवा शाळेच्या देणगीफलकावर नाव कोरायचं असेल तर ग्रॅनाइटवर घालण्याआधी तो मजकूर मूळ आकारात कागदावर छापून घ्या आणि घरातल्या दोघांनी मोठ्याने वाचा. ऱ्हस्व-दीर्घ आणि तारीख याच दोन चुका वारंवार होतात. देवळाजवळ जुनी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची कोरीव शिळा, असेल तर तिला ऑइलपेंट लावू नका, सिमेंटात बसवू नका. ती खालून वर वाचायची: तळाशी लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो घेतला की झिजलेली चित्रंही दिसतात.

ठेवणं

तीन प्रती करा: एक छापील, एक हार्ड डिस्कवर, एक गावाबाहेर राहणाऱ्या नातेवाइकाकडे. एकट्या पेनड्राइव्हवर विसंबू नका. कृष्णाकाठच्या घरांनी तिसरी प्रत चुकवूच नये. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. कागद आणि फोटो जाड कागदी पाकिटांत, स्टीलच्या कपाटाच्या वरच्या खणात, भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी धरते. वर्षश्राद्धाच्या दिवशी प्रत्येक फाईल उघडून पाहा, त्या वर्षी नव्याने कळलेलं भरा आणि दुरुस्तीपुढे तारीख टाका. जमलेल्या पाहुण्यांना दोन पानी नोंदीच्या झेरॉक्स वाटा, सोबत पेन्सिली द्या. चुका दाखवायला सांगा आणि त्या प्रती संध्याकाळी परत गोळा करा.